मुंबईची गाडी, स्पितीची थंडी: रेडिमिक्स कूलंट की कॉन्सन्ट्रेट?

मुंबईत कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, आठवण होते ती उकाड्यात. पातळी खाली दिसली की गॅरेजमधला पोरगा नळाचं पाणी ओततो, आणि पारा इथे १० अंशांखाली क्वचितच जात असल्याने ते खपूनही जातं. तीच गाडी डिसेंबरात हिमाचलच्या स्पितीतल्या काझाला किंवा लेहला रात्रभर उघड्यावर उभी राहिली, की खपत नाही. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. रेडिएटरच्या नळ्या फाटतात, इंजिन ब्लॉकचे कोअर प्लग (त्याची भोकं बंद करणाऱ्या चकत्या) बाहेर ढकलले जातात, कधी ब्लॉकलाच तडा जातो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर विचारलंत तर समोर तीन वस्तू येतील: रेडिमिक्स (पाणी आधीच मिसळलेलं कूलंट), कॉन्सन्ट्रेट (आपण पाणी मिसळायचं ते) आणि ‘हेही टाका’ म्हणून छोट्या बाटल्या. रंग पाहून ठरवू नका. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. डब्यावर दोनच गोष्टी शोधा: ग्लायकॉलचं (पाण्याला गोठू न देणाऱ्या घटकाचं) प्रमाण किंवा गोठणबिंदू, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला प्रकार.

इथिलीन ग्लायकॉलचं साधारण गणित असं. २५ टक्के असेल तर मिश्रण उणे १२ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, ३३ टक्क्यांना उणे १८, ५० टक्क्यांना उणे ३७. जास्त म्हणजे चांगलं, असं मात्र नाही. नुसतं शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं आणि उष्णताही पाण्यापेक्षा कमी वाहून नेतं. म्हणून ६० टक्क्यांच्या वर जायचं नाही. आपल्याकडच्या कित्येक कॉन्सन्ट्रेटच्या डब्यांवर १:३ चं प्रमाण छापलेलं असतं. ते म्हणजे २५ टक्के: मुंबईला पुरेसं, स्पितीच्या जानेवारीला अजिबात नाही.

रेडिमिक्सची सोय खरी आहे. मोजमाप नाही, पाण्याची चिंता नाही, थोडी पातळी भरायला तर हेच उत्तम. डब्यावर उणे ३५ किंवा त्याखालचा आकडा असेल तरच घ्या. नुसतं ‘ऑल सीझन’ लिहिलेलं पुरत नाही. पण आत आधीच नळाचं पाणी असेल तर रेडिमिक्स दगा देतं. समजा, गाडीत एकूण ६ लिटर मावतं. रेडिएटर रिकामा करून फ्लश केला (आतून पाण्याने धुतला) तरी ब्लॉकमध्ये आणि हीटर कोअरमध्ये (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) दीड लिटर पाणी अडकून राहिलं. वर ५० टक्क्यांचं साडेचार लिटर रेडिमिक्स गेलं. ग्लायकॉल झालं सव्वादोन लिटर, म्हणजे साडेसदतीस टक्के. डब्यावर उणे ३७, गाडीत जेमतेम उणे २२.

इथे कॉन्सन्ट्रेट जिंकतं. फ्लशनंतर आधी ३ लिटर, म्हणजे ६ लिटरच्या निम्मं, कॉन्सन्ट्रेट मोजून ओतायचं, मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरायची. आत किती पाणी अडकलंय याची पर्वाच उरत नाही. पाणी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्डच हवं. बोअरवेलचं किंवा टँकरचं नको. त्यातल्या क्षारांचा थर बसतो आणि क्लोराइड अॅल्युमिनियम खातं.

काम पूर्ण थंड इंजिनावरच करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर वाफेने हात भाजतो. हीटर पूर्ण गरमवर ठेवून भरा, थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटला वाट देणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवा, थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहा. हीटरमधून थंडच वारा येत असेल तर हवा अडकली आहे. मग एक-दोन दिवस गाडी फिरवून रिफ्रॅक्टोमीटरने (एका थेंबावरून ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) तपासा, आणि थेंब बाजूच्या जादा कूलंटच्या बाटलीतला नको, रेडिएटरमधला घ्या. ३० टक्के निघालं तर त्या ६ लिटरमधलं १.७ लिटर काढून तेवढंच कॉन्सन्ट्रेट घातलं की ५० होतं.

जुन्या सिलिकेटवाल्या कूलंटमध्ये नवं ऑरगॅनिक ॲसिडवालं मिसळू नका. गंजरोधक कमकुवत होतात, काही जोड्यांमध्ये चिकट गाळ तयार होतो. आत काय आहे माहीत नसेल तर सगळं काढून फ्लश करणंच बरं.

आता छोट्या बाटल्या. पृष्ठताण कमी करणारं ‘वॉटर वेटर’ रेसच्या गाडीला ठीक. गोठण्यापासून ते वाचवत नाही. ‘स्टॉप-लीक’ला तर थंडीच्या प्रवासाआधी ठाम नकार द्या. त्याची पूड गळतीचं भोक बुजवते तशीच हीटर कोअरच्या बारीक नळ्याही बुजवते, आणि काझाला हीटर बंद पडला तर काचेवरचं दव-बर्फही हटत नाही. गळती असेल तर होज किंवा रेडिएटर बदला.

एक लक्षण ओळखून ठेवा. पहाटे गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापमानाचा काटा लाल रेषेकडे धावला आणि रेडिएटर हाताला बर्फासारखा लागला, तर आत कूलंटचा अर्धवट गोठलेला चिखल झालाय आणि प्रवाह थांबलाय. इंजिन लगेच बंद करा. उकळतं पाणी ओतू नका. गाडी बंदिस्त, उबदार जागी ढकलून वितळू द्या.

काढलेलं जुनं कूलंट सोसायटीच्या गटारात ओतू नका. चवीला गोड लागतं, आणि एक-दोन चमच्यांतही मांजर मरू शकतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या आणि पार्किंगमध्ये सांडलेलं लगेच पुसून भरपूर पाण्याने धुवा.