सोलापुरात बसून थायलंडमधील मुक्कामाची मुदत वाढत नसते

लवकर निवृत्त होऊन परदेशात स्थायिक झालेली आपली माणसे काही कारणाने गावी अडकली की त्यांना गाठून लुबाडण्याचा एक प्रकार सोलापुरात चालू आहे. माझी थोरली बहीण आणि दाजी त्यात भरडले गेले. एजंटाचे नाव येथे लिहीत नाही, कारण प्रकरण पोलिसांकडे आहे. मात्र त्याने काय सांगितले, कोणते कागद मागितले आणि बनावट काम कशावरून उघड झाले, हे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातून आखातात आणि पूर्वेकडच्या देशांत गेलेली कुटुंबे थोडीथोडकी नाहीत आणि हा माणूस आणखी कोणाच्या तरी दारात उभा असणार, याची मला खात्री आहे.

दाजींनी उमेदीची वर्षे आखातात यंत्रांच्या देखभालीच्या कामात काढली आणि पन्नाशी ओलांडताच नोकरी सोडून ते अक्कासह थायलंडमधील हुआ हिन या समुद्रकाठच्या गावी राहू लागले. तेथे निवृत्तीच्या आधारावर राहायचे असेल तर वय किमान ५० लागते आणि थाय बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बात ठेवावे लागतात किंवा दरमहा ६५ हजार बातचे उत्पन्न दाखवावे लागते. ८ लाख बात म्हणजे आपले वीस लाखांहून अधिक रुपये. ही रक्कम अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात असावी लागते, मंजुरीनंतर तीन महिने तिला हात लावता येत नाही आणि पुढेही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊन चालत नाही. मुक्कामाची परवानगी एका वर्षाची असते आणि ती दरवर्षी वाढवून घ्यावी लागते. त्यासाठी आपण राहतो त्या भागातील इमिग्रेशन कार्यालयात स्वतः जायचे, टी.एम. ७ हा अर्ज भरायचा, बँकेचे ताजे पत्र आणि पासबुक दाखवायचे आणि १,९०० बात शुल्क भरायचे. अक्काची परवानगी पत्नी म्हणून दाजींच्या परवानगीला जोडलेली होती. दाजी हे सगळे वर्षानुवर्षे कोणाच्याही मदतीशिवाय करत आले होते आणि त्यांच्या फाईलमध्ये प्रत्येक वर्षाची पावती क्रमाने लावलेली आहे.

डिसेंबरात दोघे सोलापूरला आले ते सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेसाठी. नंदीध्वजांची मिरवणूक पाहून लगेच परतायचे, असे ठरले होते. निघण्यापूर्वी दाजींनी पुनर्प्रवेशाचा परवानाही रीतसर काढलेला होता. हा परवाना न काढता देश सोडला तर मिळालेली मुदत त्याच क्षणी रद्द होते, आणि परवाना असला तरी तो मूळ मुदत संपेपर्यंतच चालतो. त्यांची मुदत ९ फेब्रुवारीला संपत होती. यात्रा संपली आणि दोनच दिवसांत अक्का न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करावी लागली आणि डॉक्टरांनी निदान सहा आठवडे विमानप्रवास करायचा नाही असे बजावले. दाजी एकटे जाऊन काम उरकून येऊ शकले असते, पण अक्काला तशा अवस्थेत सोडून जायला ते तयार नव्हते, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

रुग्णालयात भेटायला आलेल्या एका परिचिताकडून या एजंटाचे नाव कळले. नवी पेठेत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्याचे कार्यालय होते. बाहेर परदेश शिक्षण, पर्यटन आणि व्हिसा अशी पाटी, आत भिंतीवर जगाचा नकाशा आणि काचेच्या कपाटात पासपोर्टांची चळत. पस्तिशीचा, मृदू बोलणारा माणूस. त्याने दाजींचा पासपोर्ट उघडला, तारीख पाहिली आणि म्हणाला, "काका, नऊ तारखेनंतर तुमचा ओव्हरस्टे चालू होतो. रोजचे पाचशे बात दंड, वर पाच वर्षांची बंदी. घर, सामान, बँकेतले पैसे, सगळं तिकडं अडकून पडेल."

हे वाक्य दाजींच्या मनात रुतून बसले. त्यातला आकडा खरा होता आणि अर्थ साफ खोटा होता. थायलंडमध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बात आणि जास्तीत जास्त २० हजार बात दंड होतो, पकडले गेल्यास बंदीही येते. परंतु हा नियम त्या देशात प्रत्यक्ष राहत असलेल्या माणसासाठी आहे. जो माणूस सोलापुरात आहे, त्याची मुदत संपली तर ती नुसती संपते. दंड नाही, बंदी नाही आणि बँकेतील पैशाला धक्का नाही. पुन्हा जायचे असेल तेव्हा नवा व्हिसा काढून पहिल्यापासून अर्ज करायचा, एवढीच काय ती अडचण. कष्ट आणि कागदपत्रे वाढतात, हे खरे, पण आयुष्याची घडी विस्कटत नाही. एजंटाने जे विकले ते या न झालेल्या नुकसानीचे भय होते, आणि पत्नी रुग्णालयात असताना, रात्रभर झोप नसताना, ते भय कोणाही शहाण्या माणसाच्या गळी उतरते. अशा वेळी माणसाला गाठणे हेच मला या साऱ्या प्रकारात सर्वांत नीच वाटते.

त्याची योजना अशी होती. पासपोर्ट कुरियरने बँकॉकमधील त्याच्या भागीदाराकडे जाईल, भागीदार तो हुआ हिनच्या कार्यालयात सादर करून एका वर्षाची मुदतवाढ आणि पुनर्प्रवेशाचा परवाना घेईल आणि पंधरवड्याच्या आत पासपोर्ट परत येईल. त्यासाठी ८५ हजार रुपये. टी.एम. ७ चे कोरे अर्ज त्याने पुढे केले. सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुल्या मारलेल्या होत्या आणि बाकी सर्व रकाने रिकामे होते. दोन दिवसांनी त्याचा फोन आला की बँकेचे ताजे पत्र खातेदार स्वतः गेल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा भागीदार दाजींच्या नावे दुसरे खाते उघडून त्यात ८ लाख बात "दाखवील" आणि त्याचे आणखी ६० हजार होतील. दाजींचे स्वतःचे ८ लाख बात हुआ हिनच्या बँकेत जसेच्या तसे पडून होते. स्वतःची रक्कम असताना दुसऱ्याची रक्कम दाखवण्यासाठी त्यांनी पैसे मोजावेत, अशी ही व्यवस्था होती. पैसे दाखवण्याचा हा धंदा खुद्द थायलंडमध्येही चालतो आणि तो तेथेही बेकायदा आहे. दोन महिने आधी आणि तीन महिने नंतर रक्कम ठेवण्याची अट एका दिवसापुरत्या उसन्या पैशाने कशी पुरी होणार, याचे उत्तर असल्या दलालाजवळ नसते. काही रक्कम रोख गेली, काही यूपीआयने, आणि यूपीआयचे खाते तिसऱ्याच माणसाच्या नावावर होते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पासपोर्ट परत आला. मी बँकेत कर्ज विभागात अनेक वर्षे कागद तपासले आहेत, त्यामुळे छायाप्रती काढण्यासाठी तो माझ्याकडे आला तेव्हा सवयीने प्रत्येक पान पाहिले. डावीकडच्या पानावर सुवर्णभूमी विमानतळावरून बाहेर पडल्याचा २१ डिसेंबरचा शिक्का होता आणि त्याखाली मुंबईत उतरल्याचा. उजवीकडच्या पानावर मुदतवाढीचा नवा शिक्का, त्यावर तारीख २८ जानेवारी, आणि खाली पुनर्प्रवेशाचा परवाना, त्यावरही २८ जानेवारीच. दोन पाने समोरासमोर ठेवली की एका पानावरचा माणूस देशाबाहेर गेलेला आहे आणि दुसऱ्या पानावरचा माणूस, मध्ये पुन्हा प्रवेश केल्याचा कोणताही शिक्का नसताना, हुआ हिनच्या खिडकीपाशी उभा आहे. २८ जानेवारीला अक्काला घरी सोडले होते. रुग्णालयाच्या त्या कागदावर नातेवाईक म्हणून दाजींची सही आहे, तीही तारखेसह, आणि तो कागद आमच्या घरातच होता.

सोबत दिलेली १,९०० बातची पावतीही मी दाजींच्या जुन्या पावत्यांशेजारी ठेवली. थायलंडमधील सरकारी कागदांवर बौद्ध संवत लिहितात, म्हणजे इसवी सनात ५४३ मिळवून येणारे वर्ष. जुन्या सगळ्या पावत्यांवर तेच होते. नव्या पावतीवर साधे इसवी सन छापलेले होते.

दाजींना हे दाखवले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "हा पासपोर्ट घेऊन मी विमानतळावर गेलो असतो." दीड लाखाच्या आसपास रक्कम गेली होती, पण त्यांच्या डोळ्यांपुढे ती नव्हती. बनावट शिक्का असलेला पासपोर्ट परदेशी अधिकाऱ्यापुढे ठेवणे हा तेथे फौजदारी गुन्हा आहे आणि शिक्का कोणी मारला हे तेथे विचारले जात नाही. ज्याच्या हातात पासपोर्ट, तो आरोपी. नुकती चालायला लागलेली अक्का त्यांच्यासोबत असती.

आम्ही दोघे एजंटाकडे गेलो. त्याने आवाजही चढवला नाही. थाय कार्यालयात मागील तारखेने नोंद होते, विमानतळावर आमचा माणूस उभा असेल, त्याचे चाळीस हजार वेगळे द्या, काका बिनघोर जातील, असे त्याने सांगितले. पैसे देणार नाही आणि पोलिसांत जाणार, असे आम्ही म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद लागू लागला आणि आठवड्याच्या आत पाटी उतरली. जागा भाड्याची होती आणि घरमालकाकडे भाडेकराराची प्रतसुद्धा नव्हती.

आम्ही १९३० या सायबर मदतवाहिनीवर यूपीआयच्या व्यवहारांची नोंद केली आणि पोलिसांत लेखी तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८, बनावट दस्तऐवजासाठी कलम ३३६ आणि तो खरा म्हणून वापरण्यासाठी कलम ३४० आहे. तक्रारीत आम्ही शिक्क्यांच्या तारखा, रुग्णालयाचा कागद आणि यूपीआयच्या नोंदी जोडल्या. पासपोर्ट पुरावा म्हणून जमा झाला आणि आता दाजींना नव्या पासपोर्टसाठी पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे सगळी हकिकत मांडावी लागत आहे. पासपोर्ट ही १९६७ च्या कायद्यानुसार केंद्र सरकारची मालमत्ता असते, धारकाची नव्हे. एखाद्या खासगी दलालाने तो कुरियरच्या पाकिटात घालून दुसऱ्या देशात पाठवतो म्हणावे, इथेच त्याला थांबवायला हवे. दाजींचा पासपोर्ट सोलापूरच्या बाहेर तरी गेला होता का, याचीही आता शंका आहे.

खरा मार्ग यापेक्षा पुष्कळ स्वस्त होता, आणि ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी तो जाणून घ्यावा. मुदतवाढ फक्त थायलंडमध्ये मिळते. त्यांचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास ती देत नाही, तो नवीन व्हिसा देतो. भारतीय नागरिकाला निवृत्तीसाठीचा ओ-ए व्हिसा भारतातूनच मागता येतो आणि १ जानेवारी २०२५ पासून असे अर्ज थाय सरकारच्या ई-व्हिसा संकेतस्थळावरून होतात. त्याला पोलिसांचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि ३० लाख बात संरक्षणाचा आरोग्य विमा लागतो. विम्याचा हप्ता उतारवयात जड जातो, हे मान्य. पण त्या व्हिसासाठी लागणारी ८ लाख बातइतकी शिल्लक भारतातील बँकेत असली तरी चालते. विमा परवडत नसेल तर साध्या ओ प्रकारच्या व्हिसाने जाऊन तेथे नव्याने मुदत मागता येते. दाजी पूर्वी याच वाटेने गेले होते. एजंटाने त्यांना असेही ऐकवले होते की भारतातून मोठी रक्कम बाहेर पाठवायला महिनोन्महिने लागतात. अनिवासी भारतीयाच्या एनआरई खात्यातील पैसा पूर्णपणे परदेशी नेता येतो आणि बँकेमार्फत तो काही दिवसांत पोहोचतो. दाजींचे एनआरई खाते सोलापुरातच आहे.

हे प्रकरण बाहेर पडल्यावर जुळे सोलापुरातील एक ओळखीचे गृहस्थ भेटायला आले. त्यांचे वय ४६. त्यांनाही याच माणसाने निवृत्ती व्हिसा मिळवून देतो म्हणून वीस हजार आगाऊ घेतले होते. ५० वर्षांखालील माणसाला हा व्हिसा कोणत्याही शुल्कात मिळत नाही. नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याने सरकारी नोंदणी सक्तीची आहे आणि तिची खातरजमा ई-मायग्रेट संकेतस्थळावर करता येते. निवृत्तांच्या कागदांसाठी दुकान थाटणाऱ्याला मात्र तशी नोंदणी लागत नाही, म्हणून भिंतीवर टांगलेल्या चौकटीतल्या प्रमाणपत्रांवर जाऊ नये.

गेल्या हिवाळ्यात नवी पेठेतील अशा कार्यालयात ज्यांनी पासपोर्ट दिला असेल, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वी देश सोडल्याच्या शिक्क्याची तारीख आणि मुदतवाढीची तारीख शेजारी ठेवून पाहावी. मुदतवाढ नंतरची असेल आणि मध्ये प्रवेशाचा शिक्का नसेल, तर तो पासपोर्ट घेऊन प्रवास करू नये, पान फाडू नये आणि शिक्का खोडूही नये. पैसे दिल्याच्या नोंदी आणि त्या दिवशी आपण भारतात होतो हे दाखवणारा एखादा तारखेचा कागद घेऊन पोलिस ठाण्यात जावे. आमच्या तक्रारीला दुसरी आणि तिसरी तक्रार जोडली गेली, तर हा माणूस लवकर सापडेल.