होनकाकु की शाकाई-हा? जपानी रहस्यकादंबरी निवडताना

जपानी रहस्यकादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद आता आपल्याकडे सहज मिळतात आणि मुखपृष्ठांवरून त्या सगळ्या एकाच जातीच्या वाटतात. जपानी वाचक मात्र या कथांचे प्रकार फार काटेकोरपणे ओळखतात, आणि ते आपल्याला ठाऊक नसतील तर चांगल्या कादंबरीवरही उगाच नाराज होण्याची वेळ येते. मला माणसांची गोष्ट वाचायची होती तेव्हा माझ्या हाती निव्वळ कोडे आले आणि मी ते पुस्तक अर्ध्यावर मिटून ठेवले. दोन वर्षांनी, कोडे सोडवायच्याच तयारीने ते पुन्हा उघडले तेव्हा त्याच पुस्तकाने मला रात्रभर जागे ठेवले. म्हणून पाच कादंबऱ्यांचे हे परीक्षण मी प्रकार धरून लिहीत आहे. कोणत्याही रहस्याची उकल येथे दिलेली नाही.

'होनकाकु' म्हणजे अस्सल, शास्त्रशुद्ध. गुन्हा कसा घडला हा या प्रकारातला मुख्य प्रश्न असतो, आणि गुप्तहेराला मिळतील ते सर्व धागेदोरे वाचकालाही मिळालेच पाहिजेत, ही त्याची अट. सेइशी योकोमिझो यांची 'द होनजिन मर्डर्स' ही 1946 मधली कादंबरी याचा उत्तम नमुना आहे. ओकायामा प्रांतातल्या एका खेड्यात, जुन्या खानदानी घरात लग्नाच्याच रात्री नवरा-नवरीचा खून होतो; दारे-खिडक्या आतून बंद असतात, बाहेरच्या बर्फात तलवार रोवलेली असते, पण पावलांचे ठसे कुठेच नसतात. मळकट कपड्यांतला, सतत डोके खाजवणारा आणि बोलताना अडखळणारा किंदाइची हा गुप्तहेर येथे प्रथम भेटतो. युद्धकाळात जपानमध्ये गुप्तहेरकथा जवळजवळ बंद पडली होती, आणि योकोमिझो स्वतः त्या काळात ओकायामात राहायला गेले होते. खेड्यातले मानपान, घराण्याचा तोरा आणि कुजबुज त्यांनी जवळून पाहिली असल्याचे पानोपानी जाणवते. उकल किंचित यांत्रिक वाटते, परंतु पुस्तक लहान आहे आणि वातावरण विसरता येत नाही.

मी अर्ध्यावर सोडलेले पुस्तक म्हणजे सोजी शिमादा यांची 'द टोकियो झोडियाक मर्डर्स' (1981). 1936 मधले खून, एका चित्रकाराची भयंकर टिपणे आणि चाळीसहून अधिक वर्षांनी त्या प्रकरणाला हात घालणारा किओशी मितराई हा ज्योतिषी, असा तिचा पट आहे. सुरुवातीची टिपणे राशी, धातू आणि अक्षांश-रेखांशांनी इतकी भरलेली आहेत की नवखा वाचक तिथेच थकतो. ती कागद-पेन्सिल घेऊन वाचावीत. पुढे लेखक कथा थांबवून वाचकाला थेट आव्हान देतो, आणि ते आव्हान प्रामाणिक आहे. युकितो आयात्सुजी यांची 'द डेकॅगॉन हाउस मर्डर्स' (1987) हे 'शिन-होनकाकु' म्हणजे नव्या होनकाकुचे आरंभीचे पुस्तक. बेटावर गेलेल्या विद्यार्थ्यांची ही कथा वेगवान आहे, पण पात्रे नावापुरतीच उरतात.

हा प्रकार 'नवा' म्हणून परत यावा लागला, याचे एक मोठे कारण सेइचो मात्सुमोतो. त्यांच्यामुळे 1950 च्या दशकाच्या अखेरीस 'शाकाई-हा', म्हणजे सामाजिक रहस्यकथा, इतकी रुजली की बंद खोल्या आणि विचित्र वाडे जुनाट वाटू लागले. शाकाई-हा कादंबरीचा भर गुन्हा का घडला आणि कोणत्या व्यवस्थेने तो घडू दिला, या प्रश्नांवर असतो. 1909 साली जन्मलेल्या मात्सुमोतोंचे शिक्षण बेताचे होते आणि लेखक म्हणून नाव होण्यापूर्वी ते वृत्तपत्रात जाहिरातींच्या मांडणीचे काम करीत. 'टोकियो एक्सप्रेस' ही त्यांची कादंबरी 1957 मध्ये एका प्रवासविषयक मासिकातून क्रमशः येऊ लागली, आणि तिच्या इंग्रजी अनुवादाचे जुने नाव 'पॉइंट्स अँड लाइन्स' असे आहे. फुकुओकाजवळच्या काशिई किनाऱ्यावर एका सरकारी खात्यातला अधिकारी आणि उपाहारगृहात काम करणारी एक तरुणी मृतावस्थेत सापडतात. प्रेमी युगुलाची आत्महत्या, असे पोलीस ठरवून टाकतात. तोरिगाई या वयस्क, साध्यासुध्या हवालदाराला मात्र मृताच्या खिशातली रेल्वेच्या भोजनयानाची पावती खटकते, कारण ती एकाच माणसाच्या जेवणाची असते. त्या खात्यातल्या भ्रष्टाचाराची चौकशी चालू असते, ही गोष्ट हळूहळू पुढे येते.

मला हे पुस्तक या पाचांत सर्वांत मोलाचे वाटते. टोकियो स्थानकाच्या तेराव्या फलाटावरून पंधराव्या फलाटावरची गाडी दिवसभरात फक्त चार मिनिटे, सायंकाळी 5:57 ते 6:01, दिसू शकते. मध्ये दुसरी गाडी उभी नसण्याची तेवढीच फट. या एका तपशिलावर मात्सुमोतो सगळा संशय तोलून धरतात. लोकलचे वेळापत्रक ज्यांच्या अंगात भिनले आहे त्या मुंबईकर वाचकाला या चार मिनिटांचे मोल कोणी समजावून सांगायला नको. संशयित कोण हे बरेच लवकर कळते. त्याचा 'मी तेव्हा तिथे नव्हतोच' हा पुरावा कसा मोडायचा यातच सारी उत्कंठा आहे. शेवटी पत्रातून केलेला खुलासा थोडा घाईचा आहे, हा दोष मान्य करावा लागतो.

केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' (2005) दोन्ही प्रकारांच्या सीमेवर उभी आहे. छळणाऱ्या घटस्फोटित नवऱ्याचा खून त्याची पूर्वीची पत्नी यासुको आणि तिची मुलगी करतात, हे सुरुवातीलाच डोळ्यांसमोर घडते; शेजारचा गणितशिक्षक इशिगामी त्यांना वाचवायचे ठरवतो आणि त्याचा विद्यापीठातला जुना मित्र, भौतिकशास्त्रज्ञ युकावा, त्याच्या बुद्धीचा माग काढू लागतो. तिला नाओकी पारितोषिक हा जपानमधला मानाचा साहित्यपुरस्कार मिळाला, आणि ही कादंबरी खरोखर होनकाकु म्हणावी का, यावर जपानमध्ये जाहीर वादही झाला. वाचकाला सर्व धागे मिळाले की नाहीत, हा तो वाद होता. माझ्या मते ते मिळतात, फक्त आपण यासुकोच्या काळजीत इतके गुंततो की समोरचे पाहत नाही.

ज्यांनी जपानी रहस्यकथा कधीच वाचलेली नाही त्यांनी मात्सुमोतोंपासून, आणि ज्यांना शब्दकोडी, बुद्धिबळ यांचा नाद आहे त्यांनी योकोमिझोंपासून सुरुवात करून मग शिमादांकडे वळावे. हिगाशिनो मागून वाचावेत, कारण होनकाकुचे नियम ठाऊक झाल्यावरच त्यांनी ते कुठे वाकवले हे दिसते. आणि ते पुस्तक संपताच पहिले प्रकरण, ज्यात इशिगामी सकाळी सुमिदा नदीच्या काठाने शाळेकडे चालत जातो, लगेच पुन्हा वाचावे.