गुलमंडीला जाताना: गाडी की रिक्षा?

छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचं औरंगाबाद) सिडकोत राहणाऱ्या मावसबहिणीला लग्नाच्या बस्त्यासाठी जुन्या शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात जायचंय. "दादा, गाडी काढू की रिक्षानं जाऊ?"

खर्च आधी बघू. अंतर जेमतेम पाचेक किलोमीटर, म्हणून पेट्रोल फार जळत नाही. पैसा जातो तो गाडी उभी करण्यात. पार्किंगचं शुल्क परवडतं, पण जागा मिळाली नाही आणि नो पार्किंगमध्ये लावली की मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा सापडलात तर १,५०० रुपयांपर्यंत दंड. टोइंगचा खर्च वेगळा. शेअर रिक्षा किंवा सिटी बसचा खर्च यापुढे काहीच नाही.

जागेचं खरं दुखणं वेगळंच. एका कारला साधारण अडीच बाय पाच मीटर जागा लागते. हे शहर मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलं. जुन्या भागातल्या गल्ल्या पायी चालणाऱ्यांच्या आणि घोड्यांच्या मापाच्या. पैठण गेट ते औरंगपुरा दोन-तीन चकरा मारूनही जागा मिळत नाही, आणि मागच्या सीटवरच्या आजीला उन्हात घाम फुटतो. हे मला फार लागतं.

सामान मात्र गाडीतच सुखानं येतं. वीस साड्या आणि भांडी रिक्षात कोंबणं जिकिरीचं.

एकट्या-दुकट्यानं नुसतं बघायला जायचं तर रिक्षाच. वडीलधारी माणसं आणि बस्ता असेल तर गाडी न्या, पण सकाळी दुकानं उघडतानाच.