माल भरपूर, वागणूक उणी: नाना पेठेतील सुट्या भागांचे एक दुकान

पुण्यात गाडीचे सुटे भाग घ्यायचे म्हटले की पावले आपोआप नाना पेठेकडे वळतात, आणि तेथील ज्या जुन्या दुकानाविषयी लिहीत आहे तेथे माल भरपूर असतो, हे आधी मान्य केले पाहिजे. अडचण आहे ती काउंटरवरच्या मंडळींची. स्विफ्टच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड मागितल्यावर विक्रेत्याने मोबाइलमधून डोके वर न काढता, "सगळ्यांना एकच बसतो," म्हणत एक खोका पुढे सरकवला. वास्तविक एकाच नावाच्या गाडीत पिढीनुसार भाग बदलतात. म्हणून आरसीवरील (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरील) 17 अंकाक्षरांचा चॅसिस नंबर पाहून पार्ट नंबर जुळवणे हाच खात्रीचा मार्ग असतो. तो नंबर दाखवला, तर "एवढा वेळ नाही" असे उत्तर मिळाले. जुना पॅड पिशवीतून काढून नव्याशेजारी ठेवला तेव्हा दोहोंची लांबी वेगळी असल्याचे उघड दिसले, तरी चूक मात्र माझ्या मेकॅनिकची ठरली!

पक्के बिल मागताच कपाळावर आठ्या चढल्या. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे; 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा उल्लेख केल्यावर बिलबुक लगेच सापडले. दर छापील किमतीपेक्षा थोडा कमी लावला, हेही खरे. बरोबर जोडी अखेर गोदामातील एका वयस्कर कामगाराने जुना पॅड पाहूनच ओळखून आणून दिली. ते काउंटरवर असतील तेव्हाच तेथे जावे.