लोअर केलेला पिकअप घेतलाय: परत स्टॉकवर आणायचा की लिफ्ट करायचा?

टेक्सासमध्ये सेकंडहँड पिकअप बघायला निघालात की एक तरी गाडी अशी हमखास भेटतेच, जमिनीला पोट टेकवून बसलेली. शेव्हरोलेची सिंगल कॅब सिल्व्हराडो, २००३-०४-०५ चं मॉडेल, टू व्हील ड्राइव्ह, पुढून चार इंच आणि मागून सहा इंच खाली. इथे मेक्सिकन घरांतल्या तरुण पोरांमध्ये या गाड्यांचं प्रचंड वेड आहे आणि मनापासून सांगतो, काम नीट केलेलं असेल तर गाडी देखणी दिसते. माझी २००५ ची अशीच होती. इंजिन ठणठणीत, भाव बरोबर, म्हणून घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी ड्राइव्हवेवर चढवताना खालून जो खर्रर्र आवाज आला तो अजून कानात आहे.

मग सुरू झालं, स्टॉक हाइटला, म्हणजे कंपनीच्या मूळ उंचीला आणू, की आता हात घालतोच आहे तर सरळ लिफ्टच करू, म्हणजे मूळ उंचीच्याही वर नेऊ. माझं मत आधीच सांगून टाकतो, टू व्हील ड्राइव्ह असेल तर स्टॉक. का ते खाली लिहितो, तुमचा वापर वेगळा असेल तर उत्तरही वेगळं येईल.

पण काही ऑर्डर करायच्या आधी गाडीखाली झोपून बघा. खरंच सांगतो, अर्धा निर्णय तिथेच होतो. पुढे ड्रॉप स्पिंडल (स्पिंडल म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग) आहेत की ड्रॉप स्प्रिंग, म्हणजे आखूड स्प्रिंग, की दोन्ही? स्पिंडलने गाडी खाली आणली असेल तर चाक चेसिसला जोडणाऱ्या आर्मचे अँगल जवळपास ओरिजिनलच राहतात, राइड फारशी बिघडत नाही. आखूड स्प्रिंग घातली असेल तर आर्म वर जातात, कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, आत झुकतो आणि टायर आतल्या कडेने खाल्ला जातो. माझ्या टायरवर बाहेरून हात फिरवला तर मस्त नक्षी, आणि आतून हात घातला तर बोटाला तारा टोचल्या. ते टायर घेऊन मी दोनशे मैल हायवेवर आलो होतो, आठवलं की अजून धस्स होतं.

मागे बघा. या गाडीत ओरिजिनल ॲक्सल पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) खाली असतो. सहा इंच खाली आणायला तो उचलून पाट्यांच्या वर बसवतात, त्याला फ्लिप किट म्हणतात, आणि मग ॲक्सल चेसिसवर आपटू नये म्हणून वरच्या चेसिसला खालून अर्धचंद्रासारखी खाच कापतात, ती सी-नॉच. ही खाच म्हणजे सगळ्यात महत्त्वाची जागा. तिथे जाड प्लेट बोल्टने नीट बसवलेली असेल तर ती तशीच राहू द्या, स्टॉकवर आलात तरी काढायची नाही, कारण आता चेसिसची ताकद त्या प्लेटमध्ये आहे. प्लेटच नसेल, किंवा खाचेच्या कोपऱ्यात केसासारखी चीर दिसत असेल, तर हाइटचा विषय बाजूला ठेवा आणि आधी चांगल्या फॅब्रिकेटरला दाखवा. अजून एक, ॲक्सलवरचे ओरिजिनल पॅड, म्हणजे ज्यावर पाटे बसतात ते, जागेवर आहेत का बघा. कोणी कापून टाकले असतील तर नवीन वेल्ड करावे लागतील आणि तेही बरोबर अँगलमध्ये, नाहीतर मागच्या ॲक्सलला ताकद पोचवणारा प्रोपेलर शाफ्ट थरथरत राहतो.

हे बघणं आता जास्तच गरजेचं झालंय कारण १ जानेवारी २०२५ पासून टेक्सासमध्ये साध्या खासगी गाड्यांचं वार्षिक सेफ्टी इन्स्पेक्शन बंद झालं. ह्युस्टनसारख्या भागात एमिशनची टेस्ट अजून आहे, पण गाडीखाली वाकून बघणारा माणूस आता कोणी नाही, तुम्हीच.

आता स्टॉकचं काम. पुढे ओरिजिनल स्पिंडल जंकयार्डमध्ये आरामात मिळतात, लाखो गाड्या बनल्यात या. स्प्रिंग आणि चारही शॉकअब्सॉर्बर मात्र नवीनच घ्या. लोअर करताना बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दाबलं की धक्का झेलणारे ठोकळे) बहुतेक कापलेले असतात, तेही नवीन लागतात आणि नेमके तेच लोक विसरतात. मागे शॅकल आणि हँगर (पाटे चेसिसला अडकवणारे भाग) बदललेले असतील तर ओरिजिनल हँगर रिव्हेटने बसवलेले होते हे लक्षात घ्या, ते रिव्हेट केव्हाच ग्राइंड करून उडवलेत, म्हणजे आता ग्रेड ८ चे, जास्त ताकदीचे बोल्ट. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट जुने परत वापरायचे नाहीत, एकदा ताणले की त्यांचं काम संपलं, थोडे पैसे वाचवायला तिथे जाऊ नका. पुढची स्प्रिंग काढताना ती दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर हातच लावू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. शेवटी अलाइनमेंट. माझे सगळे पार्ट आणि अलाइनमेंट मिळून हजार डॉलरच्या आत भागलं, मजुरी माझी आणि माझ्या मेहुण्याची, दोन वीकेंड.

लिफ्टचं बघा. लोक विसरतात की फ्लिप केलेल्या गाडीला लिफ्टचा रस्ता स्टॉकवरूनच जातो. ॲक्सल आधी पाट्यांखाली परत आणायचाच आहे, पॅड, शॉकअब्सॉर्बर, बंप स्टॉप, यू-बोल्ट सगळं करायचंच आहे आणि मग वर लिफ्ट स्पिंडल किंवा पूर्ण सहा इंची किट, मागे ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ब्लॉक, लांब ब्रेक होज, आणि रिकामे व्हील आर्च भरायला ३३ इंची टायर. म्हणजे स्टॉकच्या कामातला गाडीच्या मागच्या भागाचा सगळा खर्च अधिक लिफ्टचा खर्च, आणि टायरचे एक हजार डॉलर तर सहज वेगळे जातात. मूळ टायर साधारण ३० इंची असतो, ३३ घातला की स्पीडोमीटरचा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने पळत असते, ते प्रोग्रॅम करून घ्यावं लागतं. मागच्या ॲक्सलचा गियर रेशो ३.४२ असेल तर गाडी सुस्तावते, ट्रेलर ओढताना चांगलंच जाणवतं. आणि इतकं करून ड्राइव्ह मागच्याच दोन चाकांना! चिखलात रुतायची ती रुतणारच, फक्त उंचावरून रुतेल. तुम्हाला खरंच डियर लीजवर (हरणाच्या शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या रानात), चिखलात, वाळूत न्यायची असेल तर ही विका आणि फोर बाय फोर घ्या, एकूण हिशोबात तेच स्वस्त पडेल. शिवाय खाच कापलेल्या चेसिसला मोठे टायर लावून खड्ड्यांत आपटणं मला तरी पटत नाही.

लिफ्टच्या बाजूनेही बोललं पाहिजे. हायवेवर दिसतं लांबचं, ह्युस्टनला पाऊस झाला की अंडरपासमध्ये साठलेल्या पाण्याची धास्ती थोडी कमी होते, आणि ज्याला ते रूप आवडतं त्याला आवडतं, त्यात चूक काही नाही. फक्त घरच्यांचा विचार करा. दरवर्षी गणपतीला मंडळाचं डेकोरेशनचं सामान, प्लायवूड, फोल्डिंग टेबलं माझ्याच ट्रकमधून जातात. लोअर होती तेव्हा टेलगेट (मागचा फाळका) मांडीला लागायचं, भरायला एकदम सोपं पण थोडं वजन पडलं की मागे धाड धाड आपटायची. स्टॉकवर कमरेशी येतं. मित्राच्या सहा इंच लिफ्टवाल्या ट्रकमध्ये तेच प्लायवूड छातीपर्यंत उचलून द्यावं लागलं आणि सासूबाईंना पुढे बसवायला स्टूल आणावं लागलं, त्यांचे गुडघे दुखतात.

कायद्याचं थोडक्यात. टेक्सासमध्ये हेडलाइटची उंची जमिनीपासून २४ ते ५४ इंचांत हवी, आणि हाइट कुठेही नेलीत तरी हेडलाइटचा फोकस परत सेट करा, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दुसरं, पैसे जमतील तसं करू म्हणून पुढचं आधी उचलून मागचं नंतर असं करू नका. सहा इंच मागून खाली असलेल्या गाडीचं पुढचंच फक्त स्टॉकला आणलं तर नाक वर करून चालते, पुढचा रस्ता नीट दिसत नाही, आणि नॉर्थ कॅरोलिनात डिसेंबर २०२१ पासून पुढचं फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त वर असेल असा बदल बेकायदा आहे. भारतातून वाचणाऱ्यांसाठी, तिकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेरचा बदल चालत नाही, तेव्हा हे बघून पुण्यात कोणी बोलेरो पिकअप उचलायला घेऊ नका.

नुसतं दोन-चार इंच खाली ठेवून चालवणं हाही तिसरा मार्ग आहे, सामान वाहायचं नसेल आणि रस्ते गुळगुळीत असतील तर बिनधास्त ठेवा, फक्त अलाइनमेंट करून.

आणि स्टॉकला आणायचं ठरलंच तर लोअर किटचे सुटे भाग फेकू नका, ड्रॉप स्पिंडल आणि फ्लिप किट घ्यायला इथे लगेच माणूस उभा राहतो, माझे एका शनिवारी गेले आणि त्यातून शॉकअब्सॉर्बरचे पैसे सुटले. गाडी बाहेर काढल्यावर शंभरेक मैल झाले की परत खाली जाऊन यू-बोल्टच्या नटला टॉर्क रेंच लावा. माझे दोन नट अर्धा-अर्धा फेरा फिरले.