वीस हजारांत एकच चांगली दुर्बीण, की दुर्बीण आणि स्कोप दोन्ही?

हाताशी साधारण वीस हजार रुपये असतील, तर ते सगळे एका ८×४२ (आठपट मोठे दाखवणाऱ्या, पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असलेल्या) दुर्बिणीवर घालावेत, की निम्म्या पैशांत बेताची १०×४२ दुर्बीण घेऊन उरलेल्या रकमेत एखादा छोटा स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर ठेवून एका डोळ्याने पाहायची जास्त पटीची दुर्बीण) बसवावा, हा प्रश्न कोल्हापुरातील वन्यजीव पाहणाऱ्यांना कधी ना कधी पडतोच. मीही या दोन्ही बाजू वापरून पाहिल्या आहेत. स्कोप एका मित्राचा होता आणि तो एका हिवाळ्यात बराच काळ माझ्याकडेच राहिला. त्यानंतर मी जे घेतले त्याकडे माझा कल आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

दुर्बीण आणि स्कोप ही जोडी मुळात परदेशांतील डोंगराळ मुलखात फिरणाऱ्या शिकाऱ्यांची आहे. उघड्या उतारावर दुर्बिणीने जनावर शोधायचे आणि मग ते चालत जाण्याजोगे आहे की नाही, शिंगे किती मोठी आहेत, हे स्कोपमधून दुरूनच ठरवायचे, अशी त्यांची रीत आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. एके काळी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव रान असलेले दाजीपूर १९५८ मध्येच अभयारण्य झाले आणि आज तेथे पाहणे एवढेच आपल्या हाती आहे. पण त्या शिकाऱ्यांचा सल्ला वाचून खरेदी करताना जंगलातला फरक विसरता कामा नये. दाजीपूर-राधानगरीच्या सदाहरित रानात गवा दिसतो तो बहुधा पन्नास-शंभर मीटरांवर, झाडोऱ्याच्या फटीतून आणि थोड्याच वेळासाठी. तेथे स्कोपचे पाय उघडेपर्यंत समोर फक्त हलणारी कारवी राहते.

शिवाय गवे मोकळ्यावर येतात ते उजाडताना आणि कातरवेळी, आणि त्या वेळी मोठेपणापेक्षा, म्हणजे किती पट मोठे दिसते यापेक्षा, उजेड महत्त्वाचा ठरतो. भिंगाचा व्यास मोठेपणाने भागला की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर असते, १०×४२ मध्ये ४.२, तर २०-६०×६० स्कोप साठपटीवर नेला की जेमतेम १ मिलिमीटर उरते. कातरवेळी साठपटीवर गव्याचा काळा आकार झाडांच्या काळ्या सावलीत मिसळून जातो. आठपटीत मात्र त्याचे पांढरे मोजे आणि कपाळावरचा फिकट पट्टा वेगळा ओळखू येतो.

स्कोपच्या पदरात त्याचे माप टाकायलाच हवे. हिवाळ्यात कळंब्याच्या तलावावर दूरच्या काठाला बसलेला पक्षी हिरवी तुतारी आहे की ठिपकेवाली, हे दुर्बिणीने छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि बदकांच्या थव्यात थापट्याची मादी वेगळी काढायची तर तीसपटीचा आनंद काही निराळाच असतो. मात्र ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि मग मोठेपणा वाढवून फक्त थरथर मोठी होते. म्हणजे स्कोपची चांगली वेळ सकाळचे पहिले दोन-तीन तासच.

माझा निर्णय झाला तो मात्र काचेमुळे नव्हे, ट्रायपॉडच्या डोक्यामुळे. स्वस्तातला, फोटोसाठी म्हणून विकला जाणारा हलका ट्रायपॉड घेतला की पक्षी बरोबर मध्यभागी आणून मूठ आवळावी आणि हात सोडावा, तर डोके हळूच खाली झुकते आणि पक्षी वरच्या कडेतून निसटतो. मग अंदाजाने थोडे वर धरून आवळायचे, पुन्हा सोडायचे, पुन्हा शोधायचे. तेवढ्यात तुतारी चार पावले पुढे गेलेली असते. बांधावर वारा असला तर तिच्या पायांचा रंग सांगणेही अवघड होते, कारण सगळे चित्रच हलत असते. याला उपाय आहे. ज्याचे डोके तेलातून फिरल्यासारखे संथ वळते आणि सोडले तिथेच थांबते, असा वजनदार ट्रायपॉड घ्यावा. पण तशा ट्रायपॉडचे पैसे धरले की वीस हजारांची वाटणी कोलमडते, आणि बहुतेक जण हिशेब करताना हाच खर्च वगळतात.

आठ की दहा, यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. हातात धरून पाहायचे असेल, धाप लागलेली असेल आणि पक्षी पानांआड हलत असेल, तर आठपटीचे स्थिर आणि रुंद चित्र मला अधिक उपयोगी वाटले. उघड्या सड्यांवरच (कातळाच्या पठारांवरच) फिरणाऱ्याने दहा घेतली तरी हरकत नाही.

दुकानात दुर्बीण डोळ्यांपासून हातभर दूर, उजेडाकडे धरून पाहावी. मागच्या भिंगातले प्रकाशाचे ठिपके पूर्ण गोल दिसायला हवेत. त्यांच्या कडा करड्या आणि चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर आतले प्रिझम (चित्र सुलट करणारे काचेचे ठोकळे) हलक्या दर्जाच्या काचेचे असण्याची शक्यता मोठी. मग दारातून रस्त्याच्या टोकाची पाटी मिनिटभर वाचावी. डोळे ओढल्यासारखे झाले, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. चष्मा असणाऱ्यांनी डोळ्याचे अंतर (आय रिलीफ, म्हणजे मागच्या भिंगापासून डोळा जितका दूर ठेवून पूर्ण चित्र दिसते ते अंतर) किमान पंधरा मिलिमीटर आहे ना, हे विचारावे, नाहीतर चित्राभोवती काळे कडे राहते. आणि आपल्या पावसाळ्याचा विचार करता नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीणच घ्यावी. तिच्या आत दमट हवा शिरत नसल्याने बुरशीचा धोका बराच कमी होतो. बाहेरच्या काचेसाठी सिलिका जेलच्या पुड्या टाकलेला घट्ट झाकणाचा डबा पुरतो.

ज्यांचे पाहणे मुख्यतः कळंबा-रंकाळ्यावरच चालते आणि ज्यांच्या घरी व्हिडिओ कॅमेऱ्याचा दणकट ट्रायपॉड आधीच पडून आहे, त्यांनी १८-५५×६५ सारख्या स्कोपचा जरूर विचार करावा. तो तिरक्या नेत्रभिंगाचा घेतला तर उंची कमी ठेवता येते आणि वाऱ्याचा त्रासही घटतो. बाकीच्यांनी, निदान माझ्या मते, सगळे पैसे ८×४२ वर घालावेत आणि स्कोप ट्रायपॉडसकट घेता येईल तेव्हाच घ्यावा.