तीन पाण्यांना एकच कयाक: हाफ-स्लाइस होडीचा नऊ महिन्यांचा अनुभव

मागच्या ऑगस्टमध्ये मी हाफ-स्लाइस प्रकारची एक वापरलेली कयाक विकत घेतली आणि त्यानंतरचा सगळा हंगाम, म्हणजे यंदाच्या एप्रिलअखेरपर्यंत, नागावचा समुद्र, कोलाडची कुंडलिका नदी आणि फ्रीस्टाइलचा, म्हणजे पाण्यावर होडीच्या करामती करण्याचा सराव या तिन्हींसाठी हीच होडी वापरली. ठाण्यात पोखरण रोडला दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला तीन पाण्यांसाठी तीन होड्या परवडणार नव्हत्या, आणि परवडल्या असत्या तरी त्या ठेवायच्या कुठे हा विषय थेट सोसायटीच्या सभेत गेला असता. कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या प्रकारच्या कोणत्याही होडीला लागू पडतात आणि उरलेले दोष माझ्या जुन्या नगाचे आहेत.

हाफ-स्लाइसचा पुढचा भाग नदीतल्या नेहमीच्या कयाकसारखा फुगीर असतो, त्यामुळे तो लाटेखाली गेला तरी लगेच वर येतो. मागचा भाग मात्र पात्यासारखा चपटा केलेला असतो, जेणेकरून ठरवले तर तो पाण्याखाली घालून होडी उभी करता यावी. माझ्या होडीची लांबी साधारण २.७ मीटर आणि वजन १९ किलो आहे. निव्वळ फ्रीस्टाइलसाठी केलेली होडी हिच्यापेक्षा जवळपास एक मीटर आखूड असते, ही गोष्ट घेताना मला कागदावरचा आकडा वाटली होती. तिचा अर्थ मार्चमध्ये कळला.

घेताना मी केलेली खरी चूक मापाची होती. होडीवर छापलेली शिफारस ६० ते ८५ किलो वजनाच्या माणसासाठी आहे आणि माझे वजन ५६ किलो आहे. ज्यांच्याकडून ती घेतली त्या प्रशिक्षक दादांनी हे स्पष्ट सांगितले होते, परंतु दुसरी होडी कधी मिळेल याचा भरवसा नसल्याने मी चार किलोंकडे काणाडोळा केला. बसल्यावर कमरेच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा मोकळी राहत होती, आणि कयाकमध्ये कंबर सैल असेल तर शरीर वळते पण होडी वळत नाही. पोहण्याच्या सरावाचा जुना फळीसारखा फोम कापून, चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडून आणलेल्या सोल्युशनने तो चिकटवून मी दोन्ही बाजूंच्या गाद्या जाड केल्या, मांड्यांवरची पकड एक खाच पुढे घेतली आणि पायांपुढची, तळवे टेकायची फोमची भिंत दोन बोटे जवळ आणली. या कामाला दोन रविवार लागले. त्यानंतरची होडी आणि आधीची होडी यांतला फरक इतका मोठा होता की आज कोणी मला कोणती कयाक घ्यावी असे विचारले, तर आधी त्यात बसून कंबर हलवून पाहा, एवढेच मी सांगते.

स्प्रे स्कर्टच्या, म्हणजे कमरेभोवती घालून होडीचे तोंड बंद करणाऱ्या आवरणाच्या बाबतीत मात्र मी फसले. बसण्याच्या तोंडाचा घेर मोजून कळवूनही एका ऑनलाइन विक्रेत्याने एक माप मोठा स्कर्ट पाठवला आणि बदलून देण्यास नकार दिला. तलावात तो चालला. समुद्रात पहिल्याच मोठ्या लाटेने उचकटला आणि पाण्याने भरलेली होडी ओढत आणताना माझा अर्धा तास गेला. योग्य मापाचा निओप्रीनचा स्कर्ट लावताना बोटे दुखतात, आणि तो तसाच असायला हवा.

ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन महिने जलतरण तलावात रोल, म्हणजे उलटलेली होडी आत बसूनच सरळ करणे, पक्का करण्यात गेले. तलावाच्या व्यवस्थापकांनी होडी साबणाने धुऊनच आत आणायची आणि टोकांना रबर गुंडाळायचे, अशा अटी घातल्या होत्या, त्या रास्तच होत्या. रोलसाठी ही होडी उदार आहे. मागचा भाग चपटा असल्यामुळे, वर येताना अंग मागच्या बाजूला टाकले तर होडी फारसा विरोध न करता सरळ होते. या उदारपणाचा तोटा असा की अंग मागे टाकण्याची वाईट सवय लागते, चेहरा आणि खांदे उघडे पडतात, आणि खडकाळ नदीत हीच सवय अंगाशी येते. दादांनी ती मोडण्यासाठी मला तीन आठवडे फक्त पुढे वाकूनच रोल करायला लावला.

समुद्राचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू केला. पावसाळ्यातला खवळलेला समुद्र आमच्यासारख्यांसाठी नाहीच. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीलाही बंदी असते. पाऊस ओसरला की वाऱ्याने उठणाऱ्या आखूड, गोंधळलेल्या लाटा कमी होतात आणि दूर दक्षिणेच्या महासागरातून निघालेल्या लांब, अंतराअंतराने येणाऱ्या लाटा तेवढ्या उरतात. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज आदल्या रात्री पाहायचा, आणि भरतीसाठी आजोबांनी शिकवलेला हिशोब करायचा: पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. छापील तक्त्याशी ताडून पाहिल्यावर हा हिशोब थोडाफार चुकतो, पण पहाटे चारला मामांच्या वॅगन-आरच्या टपावर होडी बांधताना डोक्यात तोच चालू असतो. नागावचा किनारा सपाट असल्याने पूर्ण ओहोटीला १९ किलोंची होडी खांद्यावर घेऊन बरेच चालावे लागते. अर्धी भरती ही तिथली सर्वांत सोयीची वेळ आहे. काशीदचा किनारा उताराचा असल्याने तिथे लाट अंगावर कोसळते, म्हणून मी तिथे एकदाच गेले.

लाटेवर ही होडी कशी आहे याचे उत्तर जाण्याचे वेगळे आणि येण्याचे वेगळे आहे. किनाऱ्याकडे येताना ती सुंदर धावते. तळ सपाट आणि कडा धारदार असल्यामुळे ती लाटेच्या तोंडावर तिरकी पळवता येते, आणि पुढचा भाग वर उचललेला असल्याने नाक सहसा पाण्यात रुतत नाही. लाट फुटून होडी आडवी झाली की लाटेकडे झुकायचे, कोपर शरीराजवळ ठेवून वल्हे फेसावर टेकवायचे आणि किनाऱ्यापर्यंत तसेच घरंगळत यायचे. भीतीने किनाऱ्याच्या बाजूला झुकले की डोळ्याचे पाते लवण्याआधी उलटायला होते. हे पहिल्या चार फेऱ्यांत जमले. बाहेर जाताना मात्र याच होडीने मला पुन्हा पुन्हा जमीन दाखवली. समोरून येणारी फुटलेली लाट फुगीर पुढच्या भागाला वर ढकलते, मी नकळत मागे झुकते, चपटा मागचा भाग खाली जातो आणि होडी उभी राहून मागे कोसळते. गंमत अशी की स्थिर पाण्यात माझ्या वजनाने जे शेपूट बुडवता बुडत नाही, तेच फेसात नको तेव्हा बुडते, कारण हवा मिसळलेले फेसाळ पाणी होडीला पुरेसे उचलून धरत नाही. उपाय माहीत आहे, लाट आदळण्याच्या क्षणी पुढे वाकून वल्ह्याचा जोरदार फटका मारायचा; तो दहापैकी सात वेळा जमेपर्यंत डिसेंबर उजाडला आणि लाटाच बसल्या.

नदीसाठी ही होडी मी डोळे मिटून सुचवीन. कुंडलिकेचे पाणी मुळशी धरणाचे आहे. सह्याद्रीच्या पलीकडचे मुळेचे पाणी डोंगर पार करून भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरते, आणि वीज करून झालेले पाणी सकाळी नदीत सोडले की आमचे काही तासांचे खेळायचे पाणी सुरू होते. भिऱ्याचे केंद्र १९२७ पासून चालू आहे, आणि त्या धरणासाठी जमिनी गेलेल्या मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता, हे मला नदीवर जायला लागल्यानंतर वाचून कळले. तेव्हापासून पाण्याची वाट पाहत काठावर बसताना मी तक्रार जरा कमी करते. पाणी दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीचे आहे, म्हणजे विद्यार्थ्याला चुका करायला पुरेसे आणि त्या चुकांतून सावरायलाही पुरेसे.

इथे चपटे शेपूट गुरुजींसारखे वागते. खडकामागच्या उलट वाहणाऱ्या पाण्यातून, ज्याला आम्ही एडी म्हणतो, मुख्य प्रवाहात शिरताना प्रवाह जिकडून येतो तिकडची होडीची कड उचललेली हवी. मोठ्या, गोल तळाच्या होडीत हे आळसाने केले तरी खपते. माझ्या होडीत कड दोन बोटे कमी उचलली तरी मागच्या कडेवर पाणी चढते आणि होडी तिथल्या तिथे उलटते. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी मी एकाच एडीतून बाहेर पडताना पाच वेळा उलटले, पाचही वेळा रोल झाला, आणि काठावर चहा पीत बसलेल्या राफ्टिंगच्या पोरांनी मोजून दाद दिली. जानेवारीपर्यंत तीच जागा माझी सर्वांत आवडती झाली होती, कारण कड नीट धरून शेपटावर थोडा भार टाकला की होडी एका फटक्यात प्रवाहाच्या दिशेने वळते. लांबीमुळे प्रवाह तिरका ओलांडतानाही वेग टिकतो.

फेब्रुवारीत ऋषिकेशला गेले तेव्हा होडी नेणे शक्य नव्हते, म्हणून तिथे फुगीर, गोल तळाची मोठी होडी भाड्याने घेतली. मरीन ड्राइव्हपासून शिवपुरीपर्यंतच्या टप्प्यात गंगेचे थंड पाणी आणि एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटा असूनही मी त्या आठवड्यात एकदाच उलटले. प्रामाणिकपणे सांगायचे तर माझी होडी तिथे असती तर एडीच्या सीमेवर खालून उसळणाऱ्या पाण्याने तिचे शेपूट अनेकदा ओढले असते. मोठ्या पाण्याच्या नदीवर पहिल्यांदा जाणाऱ्याने हाफ-स्लाइस नेऊ नये, असे माझे मत आहे. मात्र भाड्याच्या होडीत बसून कुंडलिकेने लावलेली कडेची शिस्त आपोआप चालू राहिली, हेही त्याच आठवड्यात लक्षात आले.

फ्रीस्टाइलबद्दल माझी निराशा झाली, आणि दोष अर्धा माझा आहे. या प्रकाराच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळाडूला ४५ सेकंदांची फेरी मिळते आणि त्यात लाटेवर किंवा होलमध्ये, म्हणजे पाणी उलटे फिरून होडीला अडवून धरते अशा खळग्यात केलेल्या करामतींचे गुण मोजले जातात. मार्चमध्ये मी दादांच्या घड्याळावर अशा फेऱ्या लावून पाहिल्या. पुढे तोंड करून लाटेवर टिकणे आणि आडवे टिकणे दोन्ही जमले, पण कुंडलिकेतल्या छोट्या होलमध्ये २.७ मीटरची होडी गरगर फिरवायला गेले की एक ना एक टोक समोरून येणाऱ्या पाण्यात अडकते. अर्धी फिरकी होते, पूर्ण होत नाही. एका मुलाची आखूड होडी दहा मिनिटे मागून घेतली आणि तिच्यात पहिल्याच प्रयत्नात पूर्ण फिरकी झाली, तेव्हा कागदावरच्या त्या एका मीटरचा अर्थ कळला. पुढचे टोक फुगीर असल्याने दोन्ही टोकांवर आळीपाळीने उभे राहण्याचे चक्र या होडीत विसरावे लागते. उरते ते शेपूट बुडवून होडी उभी करणे, म्हणजे स्टर्न स्क्वर्ट. एडीच्या सीमेवर, प्रवाहाची मदत घेऊन, ते मला पाच महिन्यांनी जमले. स्थिर पाण्यात अजून जमलेले नाही.

झिजेविषयी थोडक्यात. बसण्याच्या जागेखाली प्लास्टिक सर्वांत जास्त खरवडले जाते, आणि पाणी कमी सोडलेल्या दिवशी नदीत उतरण्याचा हट्ट केला नसता तर ते आज इतके पातळ झाले नसते. समुद्रानंतर पाठीच्या पट्ट्याच्या खाचांत वाळू अडकते; गोड्या पाण्याने लगेच धुतली नाही तर पुढच्या वेळी पट्टा सरकत नाही. एप्रिलच्या दुपारी टपावर पट्टे करकचून आवळल्यामुळे तळाला वाटीएवढा खड्डा पडला होता, तो होडी उन्हात उलटी ठेवून आतून दाबल्यावर बराचसा निघाला. पाणी काढण्याच्या बुचाचे रबर एकदा बदलले. होडी सध्या पार्किंगच्या भिंतीला दोन जुन्या पट्ट्यांवर टांगलेली असते, आणि वॉचमन काका प्रत्येक नव्या भाडेकरूला ती पावसाळ्यात पाणी तुंबले तर उपयोगी पडेल असे सांगतात.

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या एका ज्युनिअरने होडी विकणार का असे विचारले. त्याचे वजन ७४ किलो. आधी बसून बघ म्हणून मी त्याला कोलाडला नेले, माझ्या फोमच्या गाद्या काढल्या आणि स्थिर पाण्यात सोडले. पाचव्या मिनिटाला त्याने शेपूट सहज बुडवून होडी उभी केली, उलटला, वर आला आणि हसत सुटला. परतताना पेणला वडे खाताना त्याने किंमत विचारली. मी गाद्या मांडीवर घेऊन बसले होते आणि अजून त्याला आकडा सांगितलेला नाही.